सेल्फ उतरवण्याआधी मीटर लावा

पहाटे माल भरून निघायच्या वेळी जुन्या डिझेल पिकअपची चावी फिरवली आणि इंजिन ढिम्म हलले नाही, की पहिला संशय सेल्फवर, म्हणजे स्टार्टर मोटरवर जातो. गाडीखाली आडवे होऊन सेल्फ उतरवला जातो, बाकावर थेट बॅटरीला जोडला जातो आणि तिथे तो पुष्कळदा व्यवस्थित फिरतो. दोष मोटरमध्ये नसून तिच्यापर्यंत वीज नेणाऱ्या वाटेत असला, तर असे होणारच. म्हणून निदानाची सुरुवात त्या वाटेपासूनच करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

या वाटेला एवढे महत्त्व का, हे साध्या हिशेबाने कळते. डिझेल इंजिनात हवा साधारण १८ ते २२ पट दाबली जाते आणि तेवढ्या दाबाविरुद्ध इंजिन फिरवण्यासाठी १२ व्होल्टच्या सेल्फला २०० अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह लागतो. समजा, गंजलेल्या टर्मिनलवर ०.०१ ओहम एवढाच रोध निर्माण झाला आहे. हेडलाइटच्या एका बल्बला लागणारा ५ अँपिअर प्रवाह त्यातून जाताना फक्त ०.०५ व्होल्ट घट होते आणि दिवा लख्ख लागतो. २०० अँपिअर प्रवाह मात्र त्याच जागी २ व्होल्ट गमावतो आणि ४०० वॅट शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. ‘लाइट लागते, हॉर्न वाजतो, म्हणजे वायरिंग ठीक आहे’ हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही.

मीटर, म्हणजे व्होल्टमीटर, हाती घेण्यापूर्वी आवाज नीट ऐकावा आणि हेडलाइट लावून चावी फिरवावी. भरभर टकटक आवाज येत असेल, तर सोलेनॉइडचा, म्हणजे सेल्फवरच्या विद्युतचुंबकी स्विचचा, गज आत ओढला जातो, मोटर प्रवाह खेचू लागते, त्यासरशी व्होल्टेज कोसळते, गज स्प्रिंगमुळे मागे येतो आणि व्होल्टेज सावरताच पुन्हा आत ओढला जातो. ही बॅटरी उतरल्याची किंवा टर्मिनल सैल असल्याची खूण आहे. एकदाच ‘टक्क’ होऊन सारे शांत झाले आणि दिवे मंदावलेच नाहीत, तर प्रवाह मोटरमध्ये शिरलेलाच नाही आणि सोलेनॉइडमधले तांब्याचे संपर्क जळालेले असण्याची शक्यता मोठी. दिवे अगदी मिणमिणू लागले, तर बॅटरी कमकुवत आहे किंवा मोटर वा इंजिन जाम आहे. मोटर नुसतीच घुमत राहिली, तर बेंडिक्सचा, म्हणजे इंजिनाच्या दात्यांत अडकणाऱ्या सेल्फच्या छोट्या गिअरचा, क्लच घसरतो आहे. कर्रकर्र आवाज दातांच्या झिजेचा असतो, आणि ही झीज रिंग गिअरवर, म्हणजे फ्लायव्हीलभोवतीच्या दातेरी कड्यावर, सगळीकडे सारखी नसते: चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुधा समोरासमोरच्या दोन स्थितींपैकी एकीत थांबते, त्यामुळे त्या दोन जागांचेच दात जास्त खाल्ले जातात. गिअर टाकून गाडी थोडी ढकलल्यावर सेल्फ लागतो, तो यामुळेच.

आता मीटर. चावी बंद असताना सेल्फच्या मोठ्या बोल्टवर १२.६ व्होल्ट दिसले, तरी त्यावर विसंबू नये. प्रवाहच वाहत नसल्याने कुजक्या केबलमध्येही घट दिसत नाही. मोजमाप सेल्फ मारतानाच करायचे. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन सुरू होऊ नये म्हणून स्टॉप केबल खेचलेली, आणि साथीदाराने चावी काही सेकंदच धरायची. बॅटरीच्या दोन खुंट्यांवरचे व्होल्टेज साधारण ९.६ च्या खाली गेले, तर आधी बॅटरी चार्ज करून तपासावी. ते ठीक असेल, तर मीटरची एक तार बॅटरीच्या धन खुंटीवर, क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरी सेल्फच्या मोठ्या बोल्टवर टेकवावी. येथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट दिसली, तर दोष केबलचा किंवा तिच्या जोडांचा.

तशीच घट सेल्फचे अंग आणि ऋण खुंटी यांच्यात मोजावी, ती ०.३ व्होल्टच्या आत हवी. जुन्या पिकअपमध्ये ही अर्थिंगची बाजू सर्वांत दुर्लक्षित असते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्याने चॅसीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेले असते आणि त्यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी चिखलाने, गंजाने खाल्ली जाते. ती तुटली, की प्रवाह क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर ती केबल तापत असेल, तर सेल्फला हात लावण्याचे कारणच नाही.

दोन्ही बाजू निर्दोष निघाल्या, सोलेनॉइडच्या बारीक वायरवर चावी फिरवताना पुरेसे व्होल्टेज येते आहे, आणि तरीही मोटर फिरत नाही, तेव्हाच सेल्फ उतरवावा. अंगावर हलके ठोकल्यावर तो एखाद-दुसऱ्या वेळी फिरत असेल, तर कार्बन (फिरत्या भागाला वीज देणारे ब्रश) झिजून कॉम्युटेटरपासून, म्हणजे त्या भागावरच्या तांब्याच्या कड्यापासून, सुटू लागले आहेत, असे समजावे. मात्र स्थायी चुंबकाच्या सेल्फला ठोकणे टाळावे, कारण चुंबक तडकतो. कार्बन, बुश आणि सोलेनॉइडचे संपर्क सुटे मिळतात. आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा गुंडाळीचा भाग, जळालेले नसेल, तर एवढे बदलून जुना सेल्फ पुन्हा कामाला लावता येतो.