उजळ स्क्रीन वेगळी, उन्हात वाचता येणारी स्क्रीन वेगळी

छोट्या विमानासाठी हँडहेल्ड जीपीएस, किंवा त्या कामाला टॅब्लेट, घ्यायचा म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: "जास्त निट्सचा घे, उन्हात दिसेल." हा सल्ला इतक्यांदा आणि इतक्या खात्रीने दिला जातो की आता तो खोडून काढणं भाग आहे. स्क्रीन उजळ असणं ही एक गोष्ट आणि ती उन्हात वाचता येणं ही दुसरी. दोन्हींची गल्लत झाली की माणूस महागडं यंत्र घेतो आणि तरीही भर दुपारी एका हाताने योक (विमानाचं सुकाणू) सांभाळत, दुसऱ्या हाताचा आडोसा धरून, हवाई हद्दीची रेषा शोधत बसतो. त्या वेळी खरं तर त्याची नजर बाहेर असायला हवी.

उजळपणाबद्दल फार सांगायला नको. फोनवरची ती पट्टी सरकवली की काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे. स्क्रीन स्वतः किती प्रकाश बाहेर टाकते त्याचं माप म्हणजे निट्स. साध्या आयपॅडचे ५००, ओलेड पडद्याच्या २०२४ च्या आयपॅड प्रोचे १,०००. एवढं पुरे.

वाचता येणं मात्र फरकावर ठरतं. काळं किती काळं राहिलं, त्यावर अक्षर उठून दिसतं. आणि इथेच घोडं पेंड खातं. घरात स्क्रीनचा काळा भाग काळाच दिसतो, कारण काचेवर बाहेरून फारसं काही पडत नाही. कॉकपिटमध्ये चहूबाजूंनी प्रकाश येतो, काच त्यातला थोडा परत फेकते, आणि तो परतलेला प्रकाश पांढऱ्यावर जसा चढतो तसाच काळ्यावरही चढतो. काळं राखाडी होतं, राखाडी पांढुरकं होतं, नकाशावरच्या बारीक रेषा विरून जातात. स्क्रीन आपल्याला मंद वाटते, पण ती घरात होती तेवढीच उजळ असते.

आकड्यांत पाहू, म्हणजे शंका राहणार नाही. स्वच्छ दुपारी थेट ऊन साधारण १,००,००० लक्स असतं (लक्स म्हणजे एखाद्या पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचं माप). पायलटच्या अंगातला पांढरा शर्ट त्यातला समजा ८० टक्के प्रकाश परत पाठवतो. हा प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतो, म्हणून निट्स काढायला ८०,००० ला ३.१४ ने भागायचं. म्हणजे उन्हात न्हालेला शर्ट स्वतःच सुमारे २५,००० निट्सचा दिवा झाला. योकवर लावलेली स्क्रीन नेमकी त्या छातीकडे तोंड करून असते. साध्या काचेचा एक पृष्ठभाग पडलेल्या प्रकाशातला जवळपास ४ टक्के भाग परत फेकतो. २५,००० चे ४ टक्के, म्हणजे १,००० निट्स. नकाशावर पसरलेलं शर्टाचं हे प्रतिबिंब साध्या टॅब्लेटच्या पूर्ण उजळपणाच्या दुप्पट आहे.

आता ५०० निट्सची स्क्रीन घ्या. पांढरा भाग ५०० अधिक १,०००, म्हणजे १,५००. काळा भाग नुसत्या प्रतिबिंबाचा, १,०००. फरक दीडपट. मजकूर नीट वाचायला किमान ३:१ लागतो असं धरतात. दीडपटीत रेषा दिसतात, अक्षरं लागत नाहीत. बरं, निट्स दुप्पट करा. १,००० निट्सवर फरक होतो २:१. एवढा खर्च करून दीडाचे दोन झाले. केवळ निट्स वाढवून ३:१ गाठायचं तर स्क्रीन २,००० निट्सची हवी.

दुसऱ्या बाजूने या. तीच ५०० निट्सची स्क्रीन, पण काचेवर परावर्तन कमी करणारा लेप. आयपॅडच्या लेप असलेल्या मॉडेलांसाठी ॲपल १.८ टक्के परावर्तन सांगते. शर्टाचं प्रतिबिंब १,००० वरून ४५० वर उतरलं. पांढरं ९५०, काळं ४५०, फरक २.१:१. एकही निट न वाढवता ही स्क्रीन दुप्पट उजळ, पण बिनलेपाच्या स्क्रीनच्या पुढे गेली. आता पांढरा शर्ट काढून जेमतेम १० टक्के प्रकाश परत पाठवणारा गडद शर्ट घाला. प्रतिबिंब बिनलेपाच्या काचेतही १३० निट्सच्या आत येतं आणि साध्या ५०० निट्सच्या स्क्रीनवर फरक जवळपास ५:१ होतो. यंत्र तेच, ऊन तेच, फक्त शर्ट बदलला. म्हणून जीपीएस वाचता येत नाही अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, अंगात काय होतं आणि स्क्रीन कुठे लावली होती. मांडीवर किंवा योकवर वर तोंड करून लावलेली स्क्रीन छत, आकाश आणि छाती या तिन्हींना आरसा दाखवते. पॅनेलवर उभी, किंचित खाली झुकवून लावलेली स्क्रीन यातलं बरंच टाळते.

काचेखाली काय आहे तेही महत्त्वाचं. वरची काच आणि आतला पडदा यांच्यात हवेची फट असेल तर प्रकाश परत फेकणारे पृष्ठभाग एकाऐवजी तीन होतात. काच पडद्याला थेट चिकटवलेली असेल तर फट नाही आणि ही आतली चकाकीही जवळपास नाही. सर्वांत स्वस्त आयपॅडमध्ये ही जोडणीही नाही आणि लेपही नाही, म्हणजे वरचा दीडपटीचा हिशेबसुद्धा त्याच्या बाबतीत उदार ठरतो. जाहिरातीच्या कागदावर निट्स ठळक छापतात. लेप आणि जोडणी खाली बारीक अक्षरांत असतात किंवा नसतातच. घेण्याआधी या दोन गोष्टी शोधून काढा.

याच जागी आणखी एक चुकीचा उपाय चिकटवला जातो, तो म्हणजे खरखरीत मॅट फिल्म. मॅट फिल्म प्रतिबिंब कमी करत नाही, ते विस्कटते. ऑफिसात ट्यूबलाइटची रेघ पुसट होते म्हणून ती बरी वाटते. कॉकपिटमध्ये उन्हाची तिरीप त्या फिल्मवर पडली की अख्खी स्क्रीन दुधाळ होते आणि कोन बदलूनही सुटका नसते. गुळगुळीत काचेत प्रतिबिंब निदान एका दिशेला असतं, स्क्रीन जराशी कलवली की सरकून जातं. मी मॅट फिल्म कुणालाही सुचवत नाही. बोटांचे तेलकट ठसेही असाच प्रकाश विस्कटतात. मऊ कापड खिशात हवंच.

आता दुसरी जात: ट्रान्सफ्लेक्टिव्ह पडदा. ट्रेकिंगच्या हँडहेल्डमध्ये, म्हणजे गार्मिनच्या ईट्रेक्ससारख्या यंत्रांत, हाच असतो. त्याच्या मागे बॅकलाइट असतो, पण सोबत प्रकाश परत पाठवणारा थरही असतो. बाहेरचा प्रकाश आत शिरतो, त्या थरावर आपटून पुन्हा अक्षरांमधून बाहेर येतो. छापील कागदासारखं आहे हे: ऊन जितकं कडक, तितकं वाचायला सोपं. निट्सच्या यादीत हे यंत्र तळाला सापडतं आणि म्हणून लोक ते नाकारतात. थेट उन्हात मात्र ते महागड्या टॅब्लेटला मागे टाकतं, तेही बॅटरी जपून.

मग सगळ्यांनी ट्रान्सफ्लेक्टिव्हच घ्यावं का? तेही नाही, कारण त्याला ऊन प्रत्यक्ष अंगावर पडायला हवं. सेसना १७२ सारख्या वर पंख असलेल्या विमानात पंख आणि छत मिळून पॅनेलवर दिवसाचा बराच वेळ सावली धरतात. बाहेर ढग चकाकत असतात, डोळ्यांच्या बाहुल्या त्या उजेडाला आकसलेल्या असतात आणि नजर एकदम सावलीतल्या स्क्रीनवर येते. ट्रान्सफ्लेक्टिव्ह पडद्याला तिथे परत पाठवायला ऊन नाही, बॅकलाइट अशक्त, रंग मळकट. सावलीतल्या या जागी उजळ आणि लेप असलेली स्क्रीनच चालते, निट्स तिथे खरोखर कामाला येतात. उलट, व्हॅन्स आरव्ही-८ सारख्या बुडबुड्याच्या आकाराच्या कॅनपीखाली, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक छताखाली, ऊन डोक्यावरून थेट काचेवर उतरतं. तिथे ट्रान्सफ्लेक्टिव्ह तरतो आणि साधा टॅब्लेट हार खातो. कोणतं यंत्र चांगलं, या प्रश्नाआधी तुमच्या विमानात दुपारी बाराला त्या जागेवर ऊन असतं की सावली, हा प्रश्न येतो.

कॅनपीखाली आणखी एक संकट आहे आणि तेही उजळपणाच्या नादातूनच ओढवतं. ॲपल आयपॅडसाठी ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानाची मर्यादा देते. बंद कॅनपीखाली उभ्या विमानात ती सहज ओलांडली जाते. यंत्र तापलं की ते आधी स्क्रीनच मंद करतं, मग इशारा दाखवून कामच थांबवतं. पूर्ण उजळपणा आणि सोबत चार्जिंग म्हणजे आतून आणखी गरमी. ज्या निट्ससाठी पैसे मोजले ते नेमक्या कडक दुपारी मिळतच नाहीत. फक्त टॅब्लेटच्या भरवशावर लांबचं उड्डाण आखणं मला मान्य नाही. गार्मिनच्या एरा मालिकेसारखं विमानासाठीच बनवलेलं यंत्र आकाराने लहान वाटलं तरी मी तेच पुढे लावेन आणि टॅब्लेट सावलीत, दुसऱ्या क्रमांकावर ठेवेन.

बाकीचे फरक थोडक्यात. रेझोल्यूशन हा फसवा आकडा आहे, कारण पिक्सेल वाढले की अनेक ॲप अक्षरं बारीक करून जास्त मजकूर कोंबतात. डोळ्यांपासून ७० सेंटिमीटरवरच्या पॅनेलसाठी अक्षराची उंची साधारण ४ मिलिमीटर हवी, योकवर ५० सेंटिमीटरला ३ चालेल. पट्टी लावून मोजा. चाळिशीचा चष्मा असेल तर हे अंतर धड जवळचं नाही आणि धड लांबचं नाही, तेव्हा चष्माही त्या अंतराला करून घ्या. पोलराइज्ड गॉगल टाळा. एलसीडीचा प्रकाश आधीच एका दिशेत गाळलेला असतो, ठरावीक कोनात स्क्रीन सरळ काळी पडते. अमेरिकेची हवाई वाहतूक नियामक संस्था एफएएही पायलटांना असे गॉगल न वापरण्याचं सुचवते. रात्रीसाठी उलटं पाहा: सर्वांत कमी उजळपणा किती खाली जातो? अंधाराला सरावायला डोळ्यांना अर्धा तास लागतो आणि एक भगभगीत स्क्रीन तो सराव क्षणात मोडते. जीपीएसच्या अचूकतेवर वाद घालण्यात अर्थ नाही, दृश्य उड्डाणासाठी आजचं प्रत्येक यंत्र पुरेसं अचूक आहे. आणि कोणतंही हँडहेल्ड आयएफआरचं, म्हणजे बाहेर न पाहता उपकरणांवर करायच्या उड्डाणाचं, प्रमाणित साधन नसतं, हे वेगळं सांगायला नको.

नकाशाच्या रंगांबद्दल मात्र बोलायलाच हवं. डोंगर-दऱ्यांची तपकिरी-हिरवी छटा दुकानात देखणी दिसते. उन्हात तीच छटा पांढऱ्याची जागा खाते आणि हद्दीच्या निळ्या-जांभळ्या रेषा तिच्यात बुडतात. भूप्रदेशाची छटा बंद करा, पार्श्वभूमी पांढरी ठेवा, मार्गाची रेषा जाड करा. गार्मिनचा जुना जीपीएसमॅप १९६ नुसत्या राखाडी छटांचा होता, आणि त्या नकाशात काय आहे हे कळायला रंग लागत नसत.

घेण्याआधी परीक्षा विमानातच घ्या, दुकानाच्या दिव्याखाली नाही. दुपारी, सूर्य पाठीमागून खांद्यावरून येईल असं विमान उभं करा, उडताना घालता तोच शर्ट घाला, यंत्र ठरलेल्या जागी लावा आणि आधी ते बंदच ठेवा. काळ्या काचेत पाहा. तिथे शर्टाची बटणं मोजता आली, तर यंत्र चालू केल्यावर तीच बटणं नकाशावर असणार आहेत. यंत्राचा कोन बदला, जागा बदला, शर्ट बदला, आणि काच शक्य तितकी काळी झाली की मगच बटण दाबून निट्स तपासा.