चाक उचलणं सोपं झालं, उतरवणं नाही: नागपुरातल्या व्हीलीची पार्श्वभूमी

गाडी व्हीलीला, म्हणजे पुढचं चाक उचलून नुसत्या मागच्या चाकावर पळवायला, वापरली आहे की नाही, हे ओळखायला जुना मेकॅनिक मालकाला काही विचारत नाही. पुढचं चाक अधांतरी ठेवून तो शॉकअप दोन्ही हातांनी मागेपुढे ओढून बघतो. कोन सेट (हँडलचं बेअरिंग) खटखटला, शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ दिसला, की त्याला कळतं: हे चाक वर गेलंय आणि खाली आपटलंय. खर्च चाक उचलण्याचा नाही, उतरवण्याचा आहे. गेल्या चाळीस वर्षांत नागपुरात पोरांच्या हाती आलेल्या बहुतेक गाड्यांनी चाक उचलणं आधीपेक्षा सोपं केलं. उतरवणं मात्र स्वाराच्या उजव्या पायावरच, म्हणजे मागच्या ब्रेकवरच राहिलं.

राजदूत म्हटलं की आपल्याकडे दुधाचे कॅन लटकवलेली १७५ आठवते. एस्कॉर्ट्सनं १९८३ साली त्याच नावावर यामाहाची आरडी ३५० आणली, ती जातच वेगळी होती. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, आणि पेट्रोल पिण्यात अट्टल. मध्यमवर्गीय बापाला ती परवडणं शक्यच नव्हतं. त्याच्या खिशाला झेपली ती १९८५ची आरएक्स १००. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, वजन जेमतेम शंभर किलोच्या आसपास. धरमपेठ-लक्ष्मीनगरच्या गल्ल्यांत ‘उचल ना बे’ हे आवाहन पहिल्यांदा बहुधा हिच्यासाठीच झालं असावं.

आरएक्सचा एक गुण तेव्हा कुणी मोजला नव्हता. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकला (इंजिनातल्या फिरत्या दांड्याला) तेल पेट्रोलच्या मिश्रणासोबतच मिळतं, तळाशी साठवलेल्या तेलावर ते अवलंबून नसतं. फोर-स्ट्रोक गाडी बराच वेळ उभी धरली तर तळातलं तेल मागे सरकतं, पंप हवा ओढायला लागतो आणि इंजिन कोरडं पडतं. पुढे फोर-स्ट्रोकवर सराव करणाऱ्या कित्येकांना इंजिन का बसलं, तेच उमगलं नाही. दोष स्वस्त ऑइलच्या माथी गेला.

आता थोडं गणित, कारण सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. मागचं चाक रस्त्याला जिथे टेकतं, तिथून गाडी आणि स्वार यांचा मिळून गुरुत्वमध्य जितका पुढे आणि जितका उंच, त्या प्रमाणावर चाक उचलायला किती जोर लागेल ते ठरतं. दोन्ही अंतरं सारखी धरली, तर गाडीचा वेग दर सेकंदाला ताशी सुमारे ३५ किलोमीटरनं वाढायला हवा. शंभर-दीडशे सीसीच्या गाडीला नुसत्या ॲक्सिलेटरवर हे जमत नाही. म्हणून क्लच. तो क्षणभर दाबायचा, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) चढू द्यायचा आणि पटकन सोडायचा. फिरत्या इंजिनात साठलेला जोर एका झटक्यात मागच्या चाकावर येतो. आरएक्सवाल्या पिढीनं हे पुस्तकात न बघता, क्लच प्लेटा जाळून शोधलं.

स्पोर्ट बाइकचं मूळ बघितलं तर हा सगळा खेळ उलटा वाटतो. १९८५च्या सुझुकी जीएसएक्स-आर ७५० पासून रूढ झालेल्या रचनेत स्वार पुढे वाकलेला असतो, वजन पुढच्या चाकावर. चाक उचललं की रेसमध्ये वेळ जातो, म्हणून तर डुकाटीनं मोटोजीपी या जागतिक शर्यतीच्या गाड्यांना पुढचं चाक दाबून धरणारे पंख लावले. लांब पल्ल्याच्या व्हीलीचे गाजलेले विक्रमही स्पोर्ट बाइकवरचे नाहीत. अमेरिकेच्या डग डोमोकोसनं १९८४ साली टॅलाडेगाच्या ट्रॅकवर २३३ किलोमीटर एका चाकावर कापले. त्याची होंडा एक्सआर ५०० मातीत चालवायच्या घराण्यातली. पेट्रोल संपलं म्हणून थांबला! जपानच्या यासुयुकी कुदोनं १९९१ साली ३३१ किलोमीटर गाठले, तेही ट्रायल प्रकारच्या, म्हणजे खडक-अडथळ्यांवरून तोल सांभाळत न्यायच्या गाडीवर. स्पोर्ट बाइक उभी करण्याचं वेड नव्वदीच्या अखेरीस अमेरिकेतल्या स्टंट टोळ्यांच्या व्हिडिओंनी पसरवलं. नागपुरात ते कॉपी केलेल्या सीड्यांतून आणि मग यूट्यूबवरून पोचलं.

तोवर शहर बदललं होतं. १९९९ला हिरो होंडाची सीबीझेड आली, २००१च्या अखेरीस बजाजची पल्सर. त्याच सुमारास महापालिका आयुक्त टी. चंद्रशेखर यांच्या काळात रस्ते रुंद झाले. जिथे सायकलरिक्षा अडायची तिथे सरळसोट पट्टा मिळाला. संध्याकाळी फुटाळा तलाव, आणि गर्दी नको असेल तर वर्धा रोडनं जामठ्याकडे, ही दिशा मग आपोआप ठरली.

२००८ची यामाहा आर१५ ही बहुतेकांच्या हाती आलेली पहिली खरी स्पोर्ट बाइक. फ्युएल इंजेक्शन असल्यामुळे गाडी उभी झाल्यावर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल हिंदकळण्याची भानगडच नाही. २०११च्या दुसऱ्या आवृत्तीत दोन चाकांमधलं अंतर १२९० वरून १३४५ मिलीमीटर झालं. वळणांवर स्थिर, पण उचलायला जड. म्हणून मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) मोठं करून घ्यायची टूम निघाली. मग २०१२ला केटीएमची ड्यूक २०० आली. ही स्पोर्ट बाइक नव्हे, पण हलक्या अंगात २५ अश्वशक्ती. ज्यासाठी आरएक्सवाले महिनोन्महिने घासले, ते हिच्यावर नवख्याला पहिल्याच आठवड्यात जमू लागलं. माझ्या मते खरी गडबड इथूनच सुरू झाली.

कारण शिकण्याचा क्रम उलटा आहे. चाक तोल जाण्याच्या हद्दीपलीकडे गेलं की ॲक्सिलेटर सोडून भागत नाही, गाडी मागेच कोसळते. मागचा ब्रेक दाबला तरच चाक खाली येतं. म्हणून जाणकार नवख्याला उजवा पाय ब्रेकवर ठेवायला आधी शिकवतो, चाक वीतभर उचलून लगेच ब्रेकनं उतरवायला लावतो, आणि हा सराव शेकडो वेळा करून घेतो. व्हिडिओत यातलं काही दिसत नाही. तिथे दिसतं आभाळाकडे गेलेलं चाक. उजव्या पायाकडे कॅमेरा वळतच नाही.

शिकायला जागा कुठली? रेस ट्रॅक चेन्नईला, कोइम्बतूरला, ग्रेटर नोएडाला, आणि नागपुरात एकही नाही. समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही. उरतो रिंग रोड, म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४खाली धोकादायक चालवण्याला शिक्षा आहेच. २०१९च्या दुरुस्तीनं कलम १९९ए आलं. आता गाडी अल्पवयीनाच्या हाती सापडली तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बापांनी चाव्या लपवायला सुरुवात केली ती तेव्हापासून.

२०२१ला आलेल्या चौथ्या आर१५मध्ये ट्रॅक्शन कंट्रोल मिळाला. मागचं चाक पुढच्यापेक्षा जास्त वेगानं फिरतंय असं दिसलं की तो इंजिनाची ताकद कापतो. व्हीलीत नेमकं तेच घडत असल्यामुळे चाक फार वर जायच्या आतच खाली येतं. उजव्या पायाच्या मदतीला या गाडीत पहिल्यांदाच काही आलं होतं. ते बंद करायचं बटणही दिलेलं आहे, आणि गाडी घरी आली की पोरं आधी तेच हुडकतात.