मळ्याच्या नावाची कॉफी: घरी भाजण्यासाठी मिळणाऱ्या कच्च्या दाण्यांमागचा इतिहास

न भाजलेले, हिरवट-करड्या रंगाचे कॉफीचे दाणे आज पुण्या-मुंबईत घरबसल्या मागवता येतात. त्यांच्या पाकिटावर मळ्याचे नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, झाडाची जात आणि फळावर केलेली प्रक्रिया एवढा सगळा तपशील छापलेला असतो. हौशी माणूस हे दाणे कढईत किंवा विजेवर चालणाऱ्या छोट्या यंत्रात भाजतो आणि चिकमगळूरच्या एका मळ्याची चव कोडगूच्या दुसऱ्या मळ्याच्या चवीशी ताडून पाहतो. या व्यवहारात आज कोणाला नवल वाटत नाही. तरीही १९९० च्या आधी भारतात तो जवळपास अशक्य होता. चांगली कॉफी पिकत नव्हती असे मुळीच नाही. पिकलेली कॉफी मळ्याच्या नावानिशी विकण्याची मुभा मळेवाल्याला कायद्यानेच नव्हती. एकाच ठिकाणच्या दाण्यांची आवड हा जिभेचा इतिहास जितका आहे, तितकाच तो खरेदी-विक्रीच्या नियमांचाही इतिहास आहे.

कॉफी घरी भाजणे ही नव्या पिढीची हौस समजली जाते, पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक ठिकाणी कॉफी कच्चीच विकत मिळे आणि घरोघरी भाजली जाई. इथिओपियात पाहुण्यांसमोर दाणे धुऊन, तव्यावर भाजून, कुटून कॉफी करण्याची रीत आजही चालू आहे. दक्षिण भारतातील अनेक घरांतही दाणे भाजणे हे स्वयंपाकघरातले नेहमीचे काम होते. प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकने १७८१ मध्ये कॉफी भाजण्याचा हक्क राजसत्तेकडे घेतला आणि चोरून भाजणारे शोधण्यासाठी युद्धात जायबंदी झालेले सैनिक गल्लोगल्ली वास घेत हिंडवले, यावरून तिथे घरगुती भाजणी किती सर्रास चालत असेल, याची कल्पना येते. पुढे अमेरिकेत जेबेझ बर्न्स यांनी १८६४ मध्ये सुधारित भाजणयंत्राचे पेटंट घेतले, १८६५ च्या सुमारास पिट्सबर्गच्या आर्बकल बंधूंनी भाजलेली कॉफी एकेका पौंडाच्या पुड्यांतून विकायला सुरुवात केली, आणि भाजणी घरातून कारखान्यात गेली. कारखान्याला वर्षभर एकाच चवीचा माल हवा असतो, म्हणून अनेक ठिकाणचे दाणे मिसळणे ही व्यापाराची रीत झाली. मिश्रणात दाण्याचे मूळ गाव सांगण्याचे कोणाला कारण उरले नाही.

भारतात कॉफी आली ती येमेनमधून. सतराव्या शतकात बाबा बुदन या सूफी संताने हजहून परतताना मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या चंद्रगिरीच्या डोंगरावर लावल्या, अशी परंपरा सांगते. ही गोष्ट दंतकथेच्या स्वरूपाची आहे, मात्र त्या डोंगररांगेला आज बाबाबुदनगिरी म्हणतात आणि तिथे कॉफी अजून पिकते. त्या शतकाच्या अखेरीस डच व्यापाऱ्यांनी मलबार किनाऱ्यावरून जावा बेटावर रोपे नेली. १६९६ मधली रोपे पुरात गेली, १६९९ मधली जगली. जावाचे रोप पुढे ॲमस्टरडॅमच्या वनस्पती उद्यानात पोचले आणि त्याच्या वंशजांपासून अमेरिका खंडातल्या कॉफीचा मोठा भाग वाढला. म्हणजे लॅटिन अमेरिकेतल्या ‘टिपिका’ जातीच्या वंशावळीत भारताचा पश्चिम किनारा हा एक खरा टप्पा आहे, आणि पाकिटावर ‘टिपिका’ वाचून तिला परदेशी मानणाऱ्याने तो विसरू नये.

इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात म्हैसूर, कोडगू, वायनाड आणि निलगिरीच्या उतारांवर मोठे मळे उभे केले. महाराष्ट्रात मात्र हे पीक चिखलदऱ्याच्या परिसरापुरतेच राहिले. १८६९ मध्ये सिलोनमध्ये पानांवरील तांबेरा रोगाची नोंद झाली आणि पुढच्या दोन दशकांत तिथली कॉफी जवळजवळ संपून चहा आला. भारतातही हा रोग पसरला, पण इथल्या मळेवाल्यांनी कॉफी सोडली नाही, ती बदलली. म्हैसूरच्या केंट नावाच्या मळेवाल्याने तांबेऱ्याला काहीशी दाद न देणारी झाडे निवडली, त्यांना ‘केंट’ हेच नाव पडले. म्हैसूर संस्थानाने १९२५ मध्ये बाळेहोन्नूरजवळ कॉफी संशोधन केंद्र सुरू केले आणि तिथून १९४० च्या दशकात ‘सिलेक्शन ७९५’ ही जात बाहेर पडली. तिच्या एका बाजूला केंट आहे आणि दुसऱ्या बाजूला अरेबिका व लायबेरिका या कॉफीच्या दोन प्रजातींच्या नैसर्गिक संकरातून आलेले झाड. आजच्या भारतीय अरेबिकाची चव या निवडीत बरीचशी ठरून गेली आहे: आम्लता मध्यम, अंग (तोंडात जाणवणारा घट्टपणा) भरीव, चॉकलेट व मसाल्याकडे झुकणारा गंध. केनियाच्या कॉफीतली ब्लॅककरंट या गडद रंगाच्या बेरीसारखी तीव्र आंबटगोडी इथे शोधणाऱ्याची निराशा होते. तो मळेवाल्याचा दोष मानता येणार नाही, कारण रोगाशी लढताना निवडलेल्या झाडाचा तो स्वभावच आहे.

यानंतरचे पर्व सगळ्यांत महत्त्वाचे आहे आणि कॉफीच्या चर्चेत त्याचा उल्लेख सहसा होत नाही. १९३० च्या दशकातल्या मंदीत कॉफीचे भाव कोसळले, तेव्हा १९३५ च्या कायद्याने कॉफी उपकर समिती स्थापन झाली. देशात कॉफी पिणारे वाढावेत म्हणून तिने १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिले कॉफी हाउस उघडले. पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि युरोपची बाजारपेठ बंद झाली. उद्योग वाचवण्यासाठी १९४० मध्ये अध्यादेश आणि १९४२ मध्ये कायदा आला, त्यातून कॉफी बोर्ड उभे राहिले आणि ‘पूल’ पद्धत सुरू झाली. प्रत्येक मळेवाल्याने घरच्या वापरापुरती व बियाण्यापुरती कॉफी ठेवून बाकी सगळी बोर्डाच्या सामाईक साठ्यात द्यायची, तिथे ती आकार व प्रकारानुसार प्रतवार व्हायची, आणि बोर्ड तिचा लिलाव करायचे. विक्रीचे पैसे मळेवाल्याला एकदम मिळत नसत. साठ्याच्या सरासरी भावाने ते हप्त्याहप्त्याने, कधी वर्षांच्या अंतराने, हाती येत. संकटकाळात लहान शेतकऱ्याला या व्यवस्थेने तगवले, हे मान्य करायला हवे. पण युद्ध संपल्यावरही ती पाच दशके चालू राहिली. सावकाश, फक्त पिकलेली लाल फळे वेचून घेणाऱ्याचे दाणे आणि हिरवी-पिकली फळे एकत्र ओरबाडणाऱ्याचे दाणे चाळणीच्या एकाच छिद्रातून गेले, की एकाच ढिगात पडत.

त्या काळातले शब्द अजून बाजारात आहेत. ‘प्लांटेशन ए’ म्हणजे गर धुऊन काढलेली, साधारण ६.६५ मिलिमीटरच्या छिद्रांच्या चाळणीवर राहणारी अरेबिका. ‘पीबेरी’ म्हणजे फळात दोनाऐवजी एकच वाढलेला गोल दाणा. ‘चेरी’ म्हणजे फळासकट वाळवलेली कॉफी. माटुंग्याच्या कॉफीच्या दुकानांत ‘प्लांटेशन ए आणि पीबेरी निम्मे-निम्मे’ अशी मागणी करणाऱ्या ग्राहकाला दाण्याचा आकार व प्रक्रिया कळत होती, मात्र तो कुठल्या डोंगरावरचा हे दुकानदारालाही सांगता येत नव्हते. शिवाय आपल्याकडे जायफळ आणि भरपूर दूध-साखर घालून कॉफी करण्याची पद्धत असल्यामुळे, तसे विचारण्याची निकड फारशी कोणाला वाटली असेल, असे दिसत नाही.

या सरमिसळीतही एका भारतीय कॉफीने आपले नाव टिकवले, ती म्हणजे ‘मान्सून मलबार’. शिडाच्या जहाजांच्या काळात केप ऑफ गुड होपला वळसा घालून युरोपला पोचायला कित्येक महिने लागत. लाकडी जहाजाच्या पोटात दमट खाऱ्या हवेने दाणे फुगत, पिवळट पडत आणि त्यांची आम्लता उतरे. उत्तर युरोपातल्या गिऱ्हाइकांना हीच चव भारतीय कॉफीची खरी चव वाटू लागली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, आगबोटी आल्या, प्रवास आठवड्यांवर आला आणि ती चव नाहीशी झाली. तेव्हा व्यापाऱ्यांनी किनाऱ्यावरच ती पुन्हा घडवली. मंगळूर व उत्तर केरळच्या किनाऱ्यावरील हवेशीर गोदामांत जून ते सप्टेंबर या काळात फळासकट वाळवलेल्या कॉफीचे दाणे जमिनीवर चार ते सहा इंच जाडीच्या थरात पसरतात, वेळोवेळी उलथतात, मग पोत्यांत सैल भरून पोत्यांच्या रांगांमधून मौसमी वारा खेळू देतात आणि पोती पुन्हा पुन्हा रिकामी करून भरतात. बुरशी धरू नये म्हणून हा खटाटोप तीन-चार महिने चालतो. पूल पद्धतीत हे नाव वाचले याचे कारण ते प्रक्रियेचे नाव होते. ते कुण्या मळ्याचे असते तर तेही त्या ढिगात गेले असते.

बाहेरच्या जगात दरम्यान वारे उलटे वाहू लागले होते. सॅन फ्रान्सिस्कोत छोट्या भाजणाऱ्यांना थोडाथोडा निवडक माल विकणाऱ्या एर्ना नुट्सन यांनी १९७४ मध्ये ‘स्पेशालिटी कॉफी’ हा शब्दप्रयोग रूढ केला. विशिष्ट भौगोलिक परिस्थितीत विशिष्ट चवीचे दाणे पिकतात, एवढेच त्यांचे म्हणणे होते. केनियात नैरोबीच्या लिलावात प्रत्येक लॉट वेगळा ठेवून चाखला जाई, त्यामुळे तिथल्या धुलाई केंद्रांची, म्हणजे फळांचा गर काढून दाणे धुणाऱ्या केंद्रांची, नावे खरेदीदारांच्या तोंडी होती. २००४ मध्ये पनामाच्या एस्मेराल्डा मळ्याने गेशा जातीचे दाणे वेगळे काढून स्पर्धेत ठेवले आणि लिलावात त्यांना पौंडाला २१ डॉलर मिळाले. तेव्हा मळ्याच्या एका कोपऱ्यातल्या झाडांचेही नाव राखणे फायद्याचे आहे, हे व्यापाराला कळले. उलट उदाहरणही आहे. कॉफीची जन्मभूमी असलेल्या इथिओपियाने २००८ मध्ये वस्तुबाजार सुरू करून बहुतेक कॉफी त्यातून विकणे बंधनकारक केले. तिथे दाणे प्रदेश व प्रतीनुसार एकत्र होत, आणि यिर्गाचेफे या तिथल्या प्रदेशाच्या कॉफीत मोगऱ्यासारखा सुवास शोधणाऱ्यांना गावाचे, केंद्राचे नाव मिळेनासे झाले. हे नियम २०१७ मध्ये सैल करण्यात आले. भारतीय पूलचा अनुभव जवळून पाहिलेल्यांना त्यात नवे काही वाटले नसणार.

भारतात बदल घडला तो चवीच्या आग्रहामुळे नव्हे. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करारातील निर्यात कोटे स्थगित झाले, १९९१ मध्ये भारतीय कॉफीचा मोठा ग्राहक असलेला सोव्हिएत संघ विसर्जित झाला, आणि त्याच सुमारास देशात आर्थिक उदारीकरण सुरू झाले. १९९२ पासून मळेवाल्यांना मालाचा काही हिस्सा स्वतः विकण्याची परवानगी मिळत गेली आणि १९९६ पर्यंत पूल पद्धत व्यवहारात संपली. पुढच्या काही वर्षांत मळ्यांची नावे प्रथम निर्यातीच्या पोत्यांवर आणि बऱ्याच उशिरा देशातल्या पाकिटांवर आली. मळेवाले आता फळे गरासकट वाळवणे, चिकट थर ठेवून वाळवणे, बंद पिंपात आंबवणे असे प्रयोग करून एकाच झाडाच्या दाण्यांतून वेगवेगळ्या चवी काढू लागले. इथिओपियाची टफारीकेला जात व तिमोरची संकरित जात यांपासून तयार केलेल्या ‘सिलेक्शन ९’ ला फुलांच्या व लिंबूवर्गीय गंधामुळे मागणी आली. सावलीच्या झाडांवर मिरीचे वेल असतात म्हणून कॉफीला मिरीचा गंध येतो, असे काही पाकिटांवर लिहिलेले असते. जात, उंची आणि प्रक्रिया यांच्या तुलनेत या दाव्याला किती वजन द्यायचे, हे ज्याने त्याने चाखून ठरवावे.

घरी भाजणाऱ्याला हा सगळा इतिहास दाण्याच्या वागण्यातून जाणवतो. उंचावर सावकाश पिकलेला, धुऊन वाळवलेला दाणा घट्ट असतो, त्याला सुरुवातीला चांगली आच लागते, आणि २०० अंश सेल्सियसच्या आसपास होणारी पहिली तडतड स्पष्ट ऐकू येते. तिच्यानंतर लवकरच उतरवला तर फळाफुलांचे गंध टिकतात. फळासकट वाळवलेल्या दाण्यांना चटकन डाग पडतात, म्हणून त्यांना सुरुवातीची आच थोडी कमी द्यावी लागते. मान्सून मलबारचा दाणा मुळातच फिकट, हलका आणि फुगलेला असल्याने रंगावरून त्याचा अंदाज चुकतो. तो मंद आचेवर, वासाकडे लक्ष ठेवून मध्यमच्या थोडा पुढे न्यावा, तेव्हा त्याचा मातकट, लाकडी, मसालेदार गुण खुलतो. आंबटपणा न आवडणाऱ्या आणि दुधाची कॉफी पिणाऱ्या आपल्याकडच्या घरांना माझ्या मते हाच दाणा सुरुवातीसाठी योग्य आहे, जरी जाणकार त्याला जुन्या वळणाचा म्हणून नाक मुरडत असले तरी.

मान्सून मलबारला २००८ च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१९ मध्ये कोडगू, चिकमगळूर व बाबाबुदनगिरीच्या अरेबिकाला, वायनाडच्या रोबस्टाला आणि आंध्रातील अराकू खोऱ्याच्या अरेबिकाला ते मिळाले. मानांकन प्रदेशाला असते, मळ्याला नव्हे. भारतातले बहुसंख्य कॉफी उत्पादक दहा हेक्टरांहून कमी जमिनीचे आहेत आणि देशाच्या उत्पादनातला दोनतृतीयांशाहून अधिक वाटा त्यांचा आहे. तरी पाकिटांवर दिसणारी नावे मुख्यतः मोठ्या मळ्यांची असतात, कारण दाणे वेगळे ठेवायला स्वतःची गर काढण्याची यंत्रे, वाळवण्याचे ओटे आणि गोदाम लागते. लहान शेतकऱ्याची कॉफी अजूनही गावच्या व्यापाऱ्याकडे जाते आणि टरफले काढण्याच्या कारखान्यात इतरांच्या कॉफीत मिसळते. अराकूच्या आदिवासी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन, फळे एका ठिकाणी गोळा करून प्रक्रिया केली आणि खोऱ्याचे नाव पॅरिसच्या दुकानापर्यंत नेले. कर्नाटक आणि केरळमधल्या लहान कॉफी शेतकऱ्यांना तसे सामाईक केंद्र अजून क्वचितच मिळाले आहे.