चहा पाण्यात धरायचा का?

मे महिन्यात भाची आठवडाभर राहायला आली होती. तिच्या मोबाइलमध्ये पाण्याचा हिशेब ठेवणारं एक अ‍ॅप आहे. दर तासाला ते टुणकन वाजतं, मग ही ग्लासभर पाणी पिते आणि पडद्यावरची निळी बाटली थोडी भरते. एका रात्री दहा वाजता बाटली पाऊणच भरलेली दिसली, तेव्हा ओट्यापाशी उभी राहून, तोंड वाकडं करत ती दोन ग्लास पाणी संपवायला लागली.

मी म्हटलं, "अगं, दिवसभरात चार कप चहा झाला, दुपारी तांब्याभर ताक झालं, अर्धं कलिंगड तू एकटीनं संपवलंस. ते सगळं कुठं गेलं?"

"मावशी, चहा धरत नाहीत गं. उलट एका कपामागे दोन ग्लास जास्त प्यायचे असतात. चहा शरीरातलं पाणी ओढून घेतो."

हे मी योगवर्गात ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, शिकल्यासवरल्या माणसांकडून तर जास्तच. खरं असतं तर अमृततुल्यच्या बाकड्यावर दिवस काढणारी माणसं संध्याकाळपर्यंत सुकून आंबोशी झाली असती. आपल्या दुधाच्या चहात दूध, साखर, चहाचा अर्क सगळं वजा केलं तरी नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच उरतं. प्रश्न इतकाच, की त्यातलं कॅफीन हे पाणी शरीराला ठेवू देतं का.

कॅफीन लघवी वाढवतं, ही गोष्ट खोटी नाही. पण 1928 मध्येच एडी आणि डाउन्स या संशोधकांनी मोजक्या माणसांवर प्रयोग करून दाखवलं होतं, की कॅफीनची सवय असलेल्या माणसात हा परिणाम मावळतो आणि ते काही काळ सोडून पुन्हा घेतलं की परत दिसतो. पहिला अर्धा भाग लोकांच्या लक्षात राहिला, दुसरा विस्मरणात गेला. तो दुसरा अर्धा कळायचा तर मूत्रपिंडात उतरावं लागतं, आणि मला तिथं उतरायला निमित्तच हवं असतं.

दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव रक्तातून गाळून बाहेर काढतात. आपल्या रक्तात द्रवाचा भाग, म्हणजे प्लाझ्मा, असतो जेमतेम 3 लिटर. म्हणजे तोच प्लाझ्मा दिवसात साठेक वेळा गाळला जातो. त्यातली लघवी होते दीड-दोन लिटर. बाकीचं सगळं परत. साफसफाईची ही रीत मला फार आवडते: कपाटातलं सगळं सामान बाहेर अंगणात काढायचं आणि हवं तेवढंच आत न्यायचं.

हे काम नेफ्रॉन नावाच्या बारीक नळ्यांत होतं. एका मूत्रपिंडात त्या सुमारे दहा लाख असतात. नळीच्या सुरुवातीच्या वळणदार भागातच दोन तृतीयांश पाणी रक्तात परत जातं. तिथं पाणी आपणहून जात नाही, मिठाच्या मागे जातं. नळीच्या पेशी सोडियम ओढतात आणि पाणी त्याच्या पाठोपाठ येतं. या पेशींना "ओढा" असा इशारा देणाऱ्यांपैकी एक आहे अ‍ॅडेनोसिन.

आता एसटीची गर्दी आठवा. कुणीतरी खिडकीतून हात घालून सीटवर रुमाल टाकतो. रुमाल काही प्रवासी नाही, तो तिकीट काढत नाही, पण त्याच्यामुळे खरा प्रवासी उभा राहतो. कॅफीन म्हणजे असा रुमाल. अ‍ॅडेनोसिनच्या जागेवर ते जाऊन बसतं, स्वतः इशारा देत नाही आणि अ‍ॅडेनोसिनलाही देऊ देत नाही. मग थोडं सोडियम परत न येता नळीत पुढे जातं, त्याच्याबरोबर थोडं पाणीही. मेंदूत हेच अ‍ॅडेनोसिन झोप आणतं. चहाने तरतरी येते आणि लघवीला जावं लागतं, ही दोन्ही कामं एकाच रुमालाची आहेत. रोज रुमाल पडायला लागले की शरीर जुळवून घेतं, आणि चार-पाच दिवसांत सवयीच्या माणसात लघवीवरचा परिणाम जवळजवळ दिसेनासा होतो.

शिवाय सुरुवातीच्या नळीतून निसटलं म्हणजे शरीरातून गेलं, असं नाही. पुढचे भाग त्यातलं बरंच मीठ पुन्हा पकडतात. आणि शेवटी येते ती संग्राहक नळी, माझी सर्वांत लाडकी.

मूळच्या 180 लिटरपैकी अठराएक लिटर या शेवटच्या टप्प्यांपर्यंत पोचतात. त्यांचं काय करायचं हे ठरतं मेंदूच्या तळाशी. तिथल्या हायपोथॅलॅमसमधल्या काही पेशी रक्ताचा दाटपणा सतत चाखत असतात. तो एक-दोन टक्क्यांनी वाढला, तरी पिच्युटरी ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सुटतं. ते संग्राहक नळीच्या पेशींपर्यंत पोचलं, की पेशींच्या आत बारीक पिशव्यांत दडवून ठेवलेल्या पाण्याच्या झडपा पृष्ठभागावर येऊन बसतात. या झडपा म्हणजे अ‍ॅक्वापोरिन नावाची प्रथिनं. एका झडपेतून सेकंदाला अब्जावधी रेणू जातात, पण एका रांगेत, एकामागून एक, आणि फक्त पाण्याचे. आम्लाचा साधा प्रोटॉनही त्यांच्या आडून घुसू शकत नाही. नळीबाहेरच्या ऊतींत मीठ आणि युरिया दाटून भरलेले असतात. त्यामुळे झडपा उघडल्या की पाणी तिकडे धावतं आणि तिथून रक्तात जातं. (हा खारटपणा खोलवर चौपट कसा होतो, याला प्रतिप्रवाह गुणन म्हणतात. शेजारी शेजारी उलट दिशांनी वाहणाऱ्या दोन नळ्या, एकीतून मीठ बाहेर पडतं पण पाणी नाही, दुसरीतून पाणी बाहेर पडतं पण मीठ नाही. डोकं गरगरलं असेल तर हा कंस सोडून द्या.)

अ‍ॅक्वापोरिनचा शोध अपघाताने लागला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पीटर अ‍ॅग्रे रक्तगटाचं आर-एच प्रथिन शोधत होते. त्यात एक भलतंच प्रथिन सारखं मध्ये येत होतं. ते पाण्याची वाट असेल का हे पाहायला त्यांच्या गटाने बेडकाची अंडी घेतली. बेडकाची अंडी गोड्या पाण्यात खुशाल राहतात, पण हे प्रथिन बनवायला लावलेली अंडी पाणी ओढून टम्म फुगली आणि फुटली. हे 1992 मध्ये प्रसिद्ध झालं. 2003 मध्ये अ‍ॅग्रेंना रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

व्हॅसोप्रेसिन मुळीच नसेल, तर माणसाला दिवसाला पंधरा-वीस लिटर लघवी होऊ शकते. तसा आजार आहे. भरपूर असेल, तर अर्ध्या लिटरवर भागतं. या एवढ्या मोठ्या पल्ल्यात कटिंग चहाने पन्नास मिलिलिटर इकडे तिकडे केले, तर ते सावरणं हे या यंत्रणेचं रोजचं काम आहे. आणखी एक: व्हॅसोप्रेसिन तहान लागायच्या आधीच कामाला लागतं. त्यामुळे "तहान लागली म्हणजे फार उशीर झाला" हे जे बाटल्या विकणारे सांगतात, ते निरोगी माणसाला लागू नाही. तहान लागते तेव्हा मूत्रपिंडांनी बचत आधीच सुरू केलेली असते.

प्रत्यक्ष मोजमापही झालंय. 2014 मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रोज कॉफी पिणाऱ्या 50 पुरुषांना तीन दिवस 200 मिलिलिटरचे चार मग कॉफी दिली आणि नंतर तीन दिवस तेवढंच पाणी, किंवा आधी पाणी आणि मग कॉफी. शरीरातलं एकूण पाणी आणि चोवीस तासांची लघवी यांत फरक आढळला नाही. कॅफीनची सवय नसलेल्याला एकदम 250-300 मिलिग्रॅमच्या वर दिलं, तर लघवी काही तास वाढते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने एका 150 मिलिलिटर चहात 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफीन धरलंय, तेव्हा एका बैठकीत पाच-सहा कप रिचवणाऱ्याने काय ते बघावं. त्याच संस्थेने दिवसाला 300 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नका आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा-कॉफी टाळा, असंही सांगितलंय. कारण चहातली टॅनिन लोह शोषू देत नाहीत. चहाविरुद्ध बोलायचंच असेल तर हे बोला.

2016 च्या एका प्रयोगात 72 पुरुषांवर मिळून तेरा पेयं तपासली: प्रत्येकाला त्यातली काही आळीपाळीने लिटरभर पाजून नंतरची लघवी मोजली. चहा, कॉफी, कोला पाण्याच्याच बरोबरीने उतरले. हलकी बिअरसुद्धा. मात्र कडक दारूचा हिशेब वेगळा, कारण अल्कोहोल थेट व्हॅसोप्रेसिनच दाबतो. दूध आणि ओआरएस यांनी पाण्यालाही मागे टाकलं, लघवी स्पष्टपणे कमी झाली. मीठ-साखरेची जोडगोळी आतड्यातून पाणी ओढून घेते. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच जोरावर कॉलऱ्याचे हजारो रुग्ण वाचवले. मिठाचं ताक, पेज, सोलकढी सगळं पाण्यात धरा. गोड कोल्ड्रिंकही धरावं लागेल, पण मग त्यातली साखरही धरा.

मग "रोज आठ ग्लास पाणी प्यायलाच हवं" या नियमाचं काय? 1945 मध्ये अमेरिकेच्या फूड अँड न्यूट्रिशन बोर्डाने मोठ्या माणसाला दिवसाला अडीच लिटर पाणी असा आकडा दिला आणि लगेच लिहिलं, की यातलं बरंचसं तयार अन्नातच असतं. पुढचं वाक्य गळलं, आकडा उरला. शिजलेल्या भातात सत्तर टक्के पाणी असतं, कलिंगडात नव्वदच्या वर. अन्न जाळताना शरीर स्वतःही पाव लिटरभर पाणी तयार करतं.

ज्यांना चहाचं पाणी पाणी वाटत नाही, ते "अल्कलाइन" पाण्यासाठी मात्र चढे पैसे मोजतात. ते जठरातल्या आम्लात पडल्यावर किती अल्कलाइन राहणार? उभ्याने प्यायलेलं पाणी गुडघ्यांत उतरतं, हा निरोप तर मला तीन व्हॉट्सअ‍ॅप गटांतून आलाय. अन्ननलिकेतून गुडघ्याकडे जाणारी नळी कुणाला सापडली, तर अ‍ॅग्रेंच्या शेजारी खुर्ची मांडू.

मुतखडा झालेल्यांनी, उन्हात राबणाऱ्यांनी भरपूर प्यायलाच हवं. म्हाताऱ्या माणसांची तहान बोथट होते, त्यांना आठवण करावी लागते.

आणि काहींना उलट मोजून प्यावं लागतं. माझे वडील, म्हणजे दादा, हृदयाच्या आजाराने दवाखान्यात होते तेव्हा त्यांना दिवसाला एक लिटरची मर्यादा होती. खाटेच्या पायथ्याशी तक्ता लटकवलेला, आत किती गेलं, बाहेर किती आलं. दुपारचा चहा झाल्यावर दादा सिस्टरला म्हणाले, "हा नका लिहू, हे काय पाणी आहे का?" सिस्टरने कप हातात घेऊन तळाशी किती उरलाय ते पाहिलं आणि लिहिलं: चहा, 90 मिली.