दातावरचा खडा आणि त्याच्या कडेचा अर्धा मिलिमीटर

दातावर शोभेचा चमकता खडा लावून घेतलेली मंडळी स्केलिंग, म्हणजे दवाखान्यातली मशीनने होणारी दातांची सफाई, टाळतात, असं आम्हा डेंटिस्ट लोकांना वारंवार दिसतं. हिरड्यांतून रक्त येत असतं, तोंडाला वास येत असतो, तरी ‘मशीन लावलं की खडा उडेल’ या धास्तीने सहा महिने, वर्षभर चालढकल होते. खड्याला हौसेने पैसे मोजलेले असतात, तेव्हा ही भीती समजण्यासारखी आहे. पण ती चुकीच्या जागी आहे. सफाईने खड्याला फारसा धोका नसतो. सफाई न केल्याने खड्याखालच्या दाताला मात्र नक्की असतो.

आधी खडा चिकटतो कसा ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. अमेरिकेत रॉचेस्टरला काम करणारे मायकल ब्युओनोकोर यांच्या वाचनात आलं होतं, की धातूवर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यांत पृष्ठभागाला फॉस्फोरिक आम्ल लावतात. तेच त्यांनी दातावर करून पाहिलं आणि १९५५ साली प्रसिद्ध केलं. आज दातात बसवलेलं पांढरं सिमेंट, ब्रेसेसची तार धरणारे, दातांवर चिकटवलेले छोटे तुकडे (ब्रॅकेट) आणि हा हौसेचा खडा, सगळं त्याच युक्तीवर टिकून आहे.

दाताचं वरचं आवरण म्हणजे इनॅमल. वजनाने जवळजवळ ९६ टक्के खनिज, शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्यावर ३७ टक्क्यांच्या आसपासचं फॉस्फोरिक आम्लाचं जेल १५ ते ३० सेकंद ठेवून धुतलं, की तेवढा ठिपका खडूसारखा पांढुरका, निस्तेज होतो. सूक्ष्मदर्शकाखाली तिथे असंख्य बारीक खाचा दिसतात. पातळ रेझिन, म्हणजे प्रकाशाने कडक होणारं चिकट द्रव्य, त्या खाचांत शिरतं, वर थोडं कॉम्पोझिट (त्याचाच घट्ट, दाताच्या रंगाचा प्रकार), त्यावर खडा आणि मग निळ्या प्रकाशाचा दिवा. काही सेकंदांत रेझिन कडक होतं आणि खाचांत त्याची हजारो मुळं अडकून बसतात. दाताला भोक पाडावं लागत नाही. खडा बहुधा शिसं नसलेल्या काचेचा, जेमतेम दोन मिलिमीटर रुंद, मागून चकाकत्या पातळ थराचा असतो. क्वचित सोन्याचा छोटा तुकडाही असतो.

(मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या भागातले प्राचीन माया लोक समोरच्या दातांत जेड आणि पायराइट बसवत, पण त्यासाठी इनॅमल कोरून खळगा करत आणि झाडांच्या चिकापासून केलेल्या मिश्रणाने खडा पक्का करत. हजार वर्षांहून जुन्या कवट्यांत हे खडे अजून जागेवर आहेत. आपल्याला निदान कोरावं तरी लागत नाही.)

आता धोका कुठे आहे ते सांगतो. खडा स्वतः दाताला काही करत नाही. त्याच्या भोवती रेझिनची जी कड असते, तिथे पायरी तयार होते, आणि ब्रशचे केस त्या पायरीवरून सरळ पुढे निघून जातात. दात घासल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा दातावर बसतो, त्यावर जिवाणू ठाण मांडतात आणि प्लाकचा थर वाढू लागतो. आपण गोड खाल्लं, की हे जिवाणू आम्ल सोडतात. पीएच (आम्लता मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला, की इनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट बाहेर पडू लागतं. ब्रेसेस लावलेल्या मुलांमध्ये हे चांगलं अभ्यासलं गेलंय. ब्रॅकेटच्या कडेला प्लाक साचत राहिला, तर डोळ्यांना दिसणारे पांढरे डाग चार आठवड्यांतही उमटू शकतात. कीड लागण्याची ती पहिली पायरी. दातावरचा खडा म्हणजे याच हिशेबाने एकच, तारेविना ब्रॅकेट.

हिरड्यांचं गणितही असंच आहे. डेन्मार्कच्या ऑर्हूसमध्ये हाराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी १९६५ साली एक साधा, पण दंतशास्त्राला वळण देणारा प्रयोग छापला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या, आणि सफाई पुन्हा सुरू केल्यावर पूर्ववत झाल्या. हिरडीला सूज आणायला प्लाक एकटाच पुरतो, हे त्यातून स्पष्ट झालं. खडा हिरडीच्या फार जवळ लावला असेल, तर त्या दोघांमधली अरुंद पट्टी प्लाकला आयतीच मिळते.

हे नुसतं सांगून पटत नाही, दाखवलं की पटतं. एरिथ्रोसिन नावाचा गुलाबी रंग दातांवर फिरवून चूळ भरायला लावतात. स्वच्छ इनॅमलवरून रंग धुऊन जातो, प्लाकवर टिकतो. नीट दात घासणाऱ्या माणसाच्या तोंडातही बहुतेक दात साफ दिसतात आणि खड्याच्या दातावर मात्र एक गुलाबी चंद्रकोर उमटते. खड्याच्या खालच्या, म्हणजे दाताच्या टोकाच्या बाजूला ती विरळ असते, कारण जेवताना ओठ आणि अन्न तिथे घासत राहतात. हिरडीच्या बाजूला ती जाड, गडद. रुंदी बघावी तर अर्धा मिलिमीटर. हातात आरसा दिला, की माणूस आपणहून विचारतो, ‘इथे ब्रश पोचवायचा कसा?’ सफाईच्या सगळ्या भेटीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा प्रश्न.

दवाखान्यातली सफाई म्हणजे खरं तर दोन वेगळी कामं. एक, कीटण काढणं. प्लाकमध्ये लाळेतली खनिजं बसून तो दगडासारखा घट्ट झाला, की त्याचं कीटण होतं आणि ते घरच्या ब्रशने निघत नाही. दुसरं, मऊ प्लाक आणि डाग पुसून पृष्ठभाग गुळगुळीत करणं. खडा लावलेल्यांना दिलासा देणारी गोष्ट अशी, की कीटण सर्वांत जास्त साचतं ते लाळग्रंथींची तोंडं जिथे उघडतात तिथे, म्हणजे खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला. खडा असतो वरच्या पटाशीच्या दातावर नाहीतर सुळ्यावर, ओठाच्या बाजूला. मशीनचं बहुतेक काम खड्यापासून लांबच चालतं.

हे मशीन म्हणजे अल्ट्रासॉनिक स्केलर. त्याचं टोक सेकंदाला साधारण २५ ते ४५ हजार वेळा थरथरतं, पण ते हलणं डोळ्यांना दिसणारही नाही इतकं बारीक. कीटण त्या कंपनांनी तुटतं आणि पाण्याच्या फवाऱ्याने वाहून जातं. हेच पाणी टोक तापू देत नाही. न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ चार्ल्स केलमन १९६०च्या दशकात स्वतःचे दात साफ करून घेताना या कंपनांवरून मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याच्या कल्पनेपर्यंत पोचले. आपल्या घरातल्या कुणा आजीचं ‘फेको’ ऑपरेशन झालं असेल, तर ते याच स्केलरचं देणं.

इतकी कंपनं थेट रेझिनच्या कडेवर टेकवली, तर मात्र जोड कमकुवत होऊ शकतो, कॉम्पोझिटवर चरेही पडतात. म्हणून खड्याच्या दातावर कीटण असलंच, तर ताकद कमी ठेवून, टोक कडेपासून दूर ठेवून किंवा हातातल्या बारीक स्केलरने ते काढतात. हे डेंटिस्टला जमतं, फक्त खडा आहे हे त्याला आधी कळायला हवं. सुळ्यावरचा पारदर्शक खडा पहिल्या नजरेत निसटू शकतो. बसल्या बसल्या सांगून टाकावं: कधी लावला, कुठे लावला, हलतोय का.

पॉलिशिंगला रबराच्या कपात प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीच्या दगडाची पूड असलेली पेस्ट वापरतात. काचेच्या कठीणपणाच्या ती जवळपास आहे आणि सोन्यापेक्षा पुष्कळच कठीण. तिने सोन्याचा तुकडा घासला तर त्याची झळाळी एका बैठकीत जाते. खड्यावर कप फिरवायचाच नाही, त्याच्या कडेने मऊ ब्रश आणि बारीक पेस्ट चालवायची. पावडरचा फवारा मारणारं यंत्र असेल, तर खड्याभोवती ग्लायसिन किंवा एरिथ्रिटॉलसारखी बारीक, सौम्य पावडर मला अधिक पसंत आहे. ती पायरीच्या कोपऱ्यात शिरते आणि कॉम्पोझिटला कमी खरवडते.

एका गोष्टीची फार कमी लोकांना कल्पना असते. सफाईनंतर फ्लोराइडचं जेल लावायची पद्धत आहे. त्यातला एक जुना, प्रचलित प्रकार आम्लयुक्त असतो, १.२३ टक्के फ्लोराइडचा. आम्ल आणि फ्लोराइड एकत्र आले, की थोडं हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं, आणि काच विरघळवणारा तो प्रसिद्ध पदार्थ आहे. पोर्सिलेनच्या कॅप असलेल्यांना हे जेल लावत नाहीत ते याचसाठी. काचेचा खडाही त्याने निस्तेज होऊ शकतो. फ्लोराइड टाळायचं अजिबात कारण नाही, उलट खड्याच्या कडेला त्याचीच सर्वांत जास्त गरज आहे. फक्त आम्लविरहित जेल किंवा वार्निश मागावं.

‘स्केलिंग केलं की दातांत फटी पडतात, दात हलायला लागतात’ हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं जातं. फट आधीच असते, ती कीटणाने बुजलेली असते. कीटण निघालं आणि सुजलेली हिरडी जागेवर बसली, की ती दिसते, इतकंच. खडा सैल होऊन स्केलिंगच्या वेळी पडला, तरी तेच म्हणता येईल: नीट चिकटलेला खडा दूरच्या कंपनांनी पडत नाही. जो पडला, त्याचा जोड आधीच सुटत आला होता.

जोड आधीच सुटत येण्याचं मोठं कारण तो कुणी लावला हे असतं. हल्ली पार्लरमध्ये, टॅटूच्या दुकानात आणि घरपोच किटमधूनही खडे लागतात. कुठे आम्ल जास्त वेळ राहतं, कुठे लाळेने ओला झालेला दात तसाच चिकटवला जातो, तर कुठे चक्क नखांचा किंवा झटपट चिकटणारा गोंद वापरतात. आपल्याकडे कायद्याने दंतवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत व्यक्तीनेच करायचा असतो, आणि इनॅमलवर आम्ल लावणं हे माझ्या लेखी दंतवैद्यकच आहे. इनॅमल पुन्हा उगवत नाही. तिथे हयगय परवडत नाही.

काढता-घालता येणारे धातूचे दागिने, ज्यांना ग्रिल म्हणतात, त्यांची गोष्ट सोपी आहे. सफाईला ते काढून यायचं, जेवताना आणि झोपतानाही काढायचे. स्वस्त धातूत निकेल असेल, तर हिरडी लाल होऊन चुरचुरू शकते.

घरी खड्यासाठी एकच वेगळं हत्यार घ्या: टोकाला केसांचा एकच छोटा गुच्छ असलेला ब्रश. हिरडीच्या बाजूने तिरका धरून खड्याच्या कडेने गोल फिरवायचा, आरशात बघून, रात्री. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश मनानेच रोज वापरू नका. त्याने, आणि चहा, तंबाखू, मिश्रीनेही, रेझिनची कड तपकिरी पडते आणि खडा मळका दिसतो.

आणि खडा घरीच पडला तर? गिळला गेला, तर बहुतेक वेळा काही त्रास न होता शौचावाटे निघून जातो. ठसका लागून तो श्वासनलिकेत गेल्याची शंका आली, खोकला थांबेना, तर मात्र लगेच हॉस्पिटल गाठायचं. दातावर मागे राहिलेलं रेझिन नखाने, पिनेने खरवडू नका, घरच्या गोंदाने खडा परतही चिकटवू नका. ते खडबडीत रेझिन खड्यापेक्षाही जास्त प्लाक धरून ठेवतं. डेंटिस्ट ते बरने, म्हणजे ड्रिलच्या बारीक टोकाने, उतरवून, पॉलिश करून देतो. त्याच भेटीत खाली पांढरा डाग आहे का ते पाहून घ्यावं, आणि असेल तर तो भरून येईपर्यंत त्या दातावर दुसरा खडा लावू नये.