हाताने उतरवलेलं बायबल किती बदललं? यशयाची गुंडाळी काय सांगते

कानगोष्टींचा खेळ सगळ्यांनी खेळलाय, दहा पोरं ओळीने बसली तरी पहिल्याचं वाक्य शेवटच्यापर्यंत धड पोचत नाही. मग दोन-अडीच हजार वर्षं माणसं हाताने उतरवत आलेल्या पुस्तकात मूळचं काय राहिलं असणार? बायबलबद्दल हा प्रश्न मला नेहमी विचारतात आणि माझ्या मते तो विचारायलाच हवा, कारण याचं उत्तर तपासून बघता येतं.

पंडिता रमाबाई केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून मराठी बायबल करत होत्या, १९२२ मध्ये त्या गेल्या. तेव्हा जगात हिब्रू बायबलच्या ज्या जुन्यात जुन्या पूर्ण प्रती माहीत होत्या त्या इसवी सन १००० च्या आसपासच्या. आणि ज्याच्या नावाचं पुस्तक त्यात आहे तो यशया संदेष्टा होऊन गेला इसवी सनापूर्वी आठव्या शतकात! मधल्या सतराशे वर्षांत काय झालं हे बघायला फारसं साधनच नव्हतं.

१९४७ च्या सुमारास मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत मेंढपाळांना मातीच्या रांजणांत चामड्याच्या गुंडाळ्या सापडल्या. त्यातली एक यशयाची, सगळेच्या सगळे ६६ अध्याय, चामड्याचे १७ तुकडे एकाला एक शिवलेले, पूर्ण उलगडली की सात मीटरपेक्षा लांब. अक्षराच्या वळणावरून तज्ज्ञांनी तिचं वय काढलं इ.स.पू. १२५ च्या आसपास. पुढे १९९० च्या दशकात झ्युरिक आणि टुसॉनच्या लॅबमध्ये कार्बन-१४ ची टेस्ट झाली. जनावर मेलं की त्याच्या कातड्यात नवा कार्बन-१४ यायचा थांबतो आणि आहे तो ५७३० वर्षांत निम्मा होईल अशा ठरलेल्या वेगाने कमी होत जातो, त्यामुळे किती उरलाय ते मोजलं की कातडं साधारण केव्हाचं ते कळतं. दोन्हीकडून उत्तर तेच आलं, ख्रिस्ताच्या आधीचं. म्हणजे तुलनेसाठी आपण एका उडीत हजार वर्षं मागे गेलो.

तर फरक आहेत का? आहेत, हजाराच्या वर आहेत आणि ते लपवायचं काही कारण नाही. पण बहुतेक स्पेलिंगचे आणि व्याकरणाचे, अध्यायांचा क्रम तोच, मजकूर तोच. अर्थाला धक्का लागेल असे थोडे. उदाहरणार्थ ५३:११ मध्ये (अध्याय ५३, वचन ११) गुंडाळीत ‘प्रकाश’ असा एक जास्तीचा शब्द आहे, जुन्या ग्रीक भाषांतरातही तो आहे, तेव्हा बहुधा तो नंतरच्या हिब्रू प्रतींतून गळला असावा.

मला सगळ्यात आवडते ती ४० व्या अध्यायातली जागा. तिथे गवत सुकतं, फूल कोमेजतं हे शब्द लागोपाठ दोनदा येतात, लिहिणाऱ्याची नजर पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर गेली आणि मधला मजकूर राहून गेला. नंतर दुसऱ्याच कोणाच्या तरी लक्षात आलं आणि त्याने राहिलेले शब्द ओळीच्या वर बारीक अक्षरात सुरू करून जागा संपल्यावर डावीकडच्या समासात खाली उतरवत नेले, देवाचं नाव आलं तिथे आदराने नुसते चार ठिपके दिले. चूक झाली, ती कोणीतरी पकडली आणि चामड्यावर ती दुरुस्ती आजही दिसते. कानगोष्टींत असं कोणी मागे जाऊन तपासत नाही, मोठा फरक आहे तो हाच.

सगळ्याच पुस्तकांचं असं नाही हेही सांगायला हवं. यिर्मया या दुसऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या कुमरानमधल्या एका प्रतीचा मजकूर आजच्यापेक्षा आखूड आहे, म्हणजे त्या पुस्तकाची दोन रूपं तेव्हा चालू होती.

आता मजकूर नीट उतरवला हे एक आणि त्यात लिहिलंय ते घडलं का हे दुसरं. त्याला पुरावा वेगळा लागतो आणि तो तुकड्यातुकड्यांनी मिळतो. यशयाच्याच काळचा यरुशलेमचा राजा हिज्कीया, त्याने तळं आणि पाट करून शहरात पाणी आणलं असं बायबलच्या २ राजे या पुस्तकात (२०:२०) आहे. यरुशलेमच्या पोटात गीहोन झऱ्यापासून शिलोह तळ्यापर्यंत ५३३ मीटरचा बोगदा खरंच आहे. २००३ मध्ये त्याच्या गिलाव्यात अडकलेल्या वनस्पतींचं आणि छताला लोंबणाऱ्या चुन्याच्या थरांचं वय मोजलं, ते इ.स.पू. ७०० च्या आसपास बसतं, काही पुरातत्त्वज्ञ मात्र बोगदा थोडा आधीचा धरतात. अश्शूरचा राजा सन्हेरीब याच्या मातीच्या लेखात हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं कोंडल्याची बढाई आहे, पण यरुशलेम जिंकलं असं तो कुठेच म्हणत नाही. देवदूताने सन्हेरीबची १,८५,००० माणसं मारली असं बायबल म्हणतं, हे मात्र फावड्याने सिद्ध होणारं नाही, ते मी श्रद्धेने मानतो.

बोगद्याच्या भिंतीवरचा लेख १८८० मध्ये सापडला, आता तो इस्तंबूलच्या म्युझियममध्ये आहे. त्यात राजाचं नाव नाही, आहेत ते खोदणारे. दोन्ही टोकांकडून खोदत आले, तीन हात खडक उरला तेव्हा पलीकडच्या माणसाची हाक ऐकू आली, मग टिकावावर टिकाव बसला आणि पाणी वाहू लागलं. ते पाणी आजही वाहतंय, लोक त्यातून चालत जातात, आणि ती दोन माणसं जिथे भेटली तिथे टिकावाच्या खुणांची दिशा अचानक उलटी होते.