शांत खोलीतला 'स्स्स्' नक्की येतो कुठून?

पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवला, सगळ्यांना गप्प बसवलं आणि मग कॅमेरा सुरू केला, तरी नंतर हेडफोन लावून ऐकलं की बोलण्यामागे एकसारखा स्स्स् आहेच. असं झालं की आधी खोलीला दोष दिला जातो, मग केबलला, आणि शेवटी सोनेरी पिनवाली महागडी केबल घरात येते. मीसुद्धा बरेच दिवस खोलीवरच संशय घेत होतो. सोन्याच्या मुलाम्याने पिन गंजत नाही एवढं खरं, पण हा स्स्स्, म्हणजे हिस, त्याने तसूभरही कमी होत नाही, कारण हा आवाज बऱ्याचदा सर्किटच्या आतच जन्माला येतो.

आधी आवाज नीट ओळखायचा. घूंऽऽ असा जाडसर सूर असेल तर तो घरच्या विजेचा, म्हणजे 50 किंवा 60 हर्ट्झ आणि त्याच्या पटीतला. खर्रखट्ट होत असेल तर पिन सैल आहे. बारीक टिकटिक लेन्सच्या मोटरची असू शकते. हिसला मात्र सूरच नसतो, लांबून येणाऱ्या पावसाच्या सरीसारखा तो सगळ्या फ्रिक्वेन्सींवर पसरलेला असतो, आणि ही पसरट अवस्थाच त्याच्या उगमाची खूण आहे.

कुठल्याही तारेत, रेझिस्टरमध्ये, माईकच्या कॉइलमध्ये इलेक्ट्रॉन मोकळे फिरत असतात. बॅटरी जोडलेली नसली तरी ते स्वस्थ बसत नाहीत, कारण वस्तू गरम आहे. गरम म्हणजे हाताला चटका बसेल अशी नाही, खोलीच्या तापमानाची वस्तूसुद्धा 300 केल्विनच्या आसपास असते आणि तेवढ्या उष्णतेने इलेक्ट्रॉन सतत इकडेतिकडे धडका देत राहतात. एखाद्या क्षणी या टोकाला चार जास्त, पुढच्या क्षणी त्या टोकाला, त्यामुळे दोन टोकांमध्ये इवलंसं व्होल्टेज सारखं खालीवर होत राहतं, आणि तेच वाढवून ऐकलं की हिस. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत जॉन जॉन्सन यांनी हे मोजलं आणि हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं, दोघांचे निबंध 1928 साली आले, आणि गंमत म्हणजे दोघंही मूळचे स्वीडनचे. जॉन्सन यांनी धातू, कार्बन, इतकंच काय मिठाच्या पाण्यासारखी द्रावणंसुद्धा तपासली. पदार्थ कुठलाही असो, आवाज ठरतो तो फक्त रेझिस्टन्स, तापमान आणि आपण किती रुंद फ्रिक्वेन्सीपट्टा ऐकतोय यावरून! त्याच मोजमापांतून त्यांनी तापमान आणि कणांची ऊर्जा यांना जोडणारा बोल्ट्झमन स्थिरांकसुद्धा काढला, म्हणजे रेणूंच्या जगातला आकडा चक्क एका हिसमधून. मला हे अजूनही थक्क करतं.

सूत्र असं: व्होल्टेजचा वर्ग = 4 × बोल्ट्झमन स्थिरांक × केल्विनमधलं तापमान × रेझिस्टन्स × बँडविड्थ, म्हणजे तोच फ्रिक्वेन्सीपट्टा. 200 ओहमचा माईक, 300 केल्विन आणि 20,000 हर्ट्झचा पट्टा घातला की उत्तर येतं साधारण 0.26 मायक्रोव्होल्ट. एवढ्याशा व्होल्टेजची काय भीती, असं वाटेल, पण समोरची बाजू बघा. एक मीटरवरून आपण नेहमीच्या आवाजात बोललो तर साध्या डायनॅमिक माईकमधून येतात जेमतेम 40 मायक्रोव्होल्ट. म्हणजे बोलणं हिसच्या फक्त दीडशे पट, आणि हे आदर्श सर्किट धरून. कॅमेऱ्याचा प्रीअँप, म्हणजे माईकचा बारीक सिग्नल मोठा करणारा अँप्लिफायर, यात स्वतःची भर घालतो ती वेगळीच. 24 बिटवर रेकॉर्ड केलं की हिस जाईल असं सांगणारे भेटतात, पण सिग्नल मोजायला 16 बिटमध्येच 65,536 पायऱ्या असतात, त्यामुळे अडचण तिथे नाहीच.

मग माईक थंड केला तर? समजा रेझिस्टन्स तेवढाच राखून तो द्रव नायट्रोजनमध्ये बुडवला, 77 केल्विनला. तापमान जवळजवळ चौपट कमी झालं, पण व्होल्टेज वर्गमुळात जातं, म्हणून हिस फक्त निम्मा. आणि माईक एक मीटरवरून अर्ध्या मीटरवर आणला की थेट येणारा आवाज दुप्पट होतो. म्हणजे उणे 196 अंशाला जाऊन जे मिळतं ते माईक हातभर पुढे सरकवून फुकट मिळतं! एवढं एक गणित कळलं तरी अर्धे पैसे वाचतील.

आता प्रीअँपचं. अँप्लिफायर सिग्नल वाढवतो तेव्हा सोबत आलेला हिसही तेवढाच वाढवतो आणि वर स्वतःचा थोडा मिसळतो. त्यामुळे साखळीतली पहिली पायरी सगळ्यात महत्त्वाची, तिथेच सिग्नल मोठा झाला तर पुढच्या पायऱ्यांची भर त्यापुढे किरकोळ ठरते. म्हणून माईकवर +20 डेसिबलचं बटण असेल तर ते चालू करून कॅमेऱ्याची लेव्हल तेवढीच, म्हणजे दहा पट, खाली आणायची. कॅमेऱ्याचा वाटा दहा पट घटतो, उरतो तो माईकचा स्वतःचा.

आणि ऑटो लेव्हल बंद करा. ती चालू असली की बोलणारा थांबल्याबरोबर कॅमेरा समजतो आवाज कमी पडला, आणि गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते, वाढवत नेतो, म्हणून दोन वाक्यांमध्ये हिस फुगत जाताना ऐकू येतो. रिकाम्या खोलीत रात्रभर कॅमेरा ठेवून 'आत्म्यांचे आवाज' पकडल्याचे व्हिडिओ फिरतात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हेच होत असणार. गेन शिगेला, त्यावर फाईल कॉम्प्रेस केल्यामुळे हिसचे तुकडे पडून अक्षरांसारखे भास, आणि खाली आधीच लिहून ठेवलेलं वाक्य. मेंदू त्या खळबळीत शब्द शोधतो, कारण शब्द शोधायची त्याला सवयच आहे. आपलं माणूस गेल्यावर अशा व्हिडिओंवर विश्वास ठेवणाऱ्यांच्या दुःखाचा फायदा घेतला जातो याचा मला मनापासून राग येतो.

नेमका दोषी शोधायचा असेल तर माईकची पिन उपसू नका, कारण पिन निघाली की बहुतेक कॅमेरे आतला माईक चालू करतात आणि चाचणी वाया जाते. सेलवर चालणारा माईक असेल तर पिन तशीच ठेवून त्याचा स्विच बंद करा, लेव्हल मॅन्युअल, अर्धा मिनिट रेकॉर्ड. हिस जवळजवळ तेवढाच आला तर तो कॅमेऱ्याचा. गेला तर माईक चालू करून कपड्यांच्या कपाटात, घड्यांच्या मधोमध ठेवा, दार लावा आणि परत रेकॉर्ड करा. आता कमी झाला तर खोलीच दोषी होती, एसीची हवासुद्धा हिससारखीच ऐकू येते. कपाटातही तेवढाच राहिला तर माईकचा, आणि बारीक कॅप्सूलवाल्या माईकमध्ये तो जास्त असतो, कारण इवल्या पडद्यावर आदळणारे हवेचे रेणूही त्याच उष्णतेने नाचत असतात.

उरलेला हिस सॉफ्टवेअरने काढायचा असेल तर शूटिंगच्या वेळीच कोणी न बोलता दहा सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करून ठेवा, त्याच लेव्हलवर. तोच नमुना सॉफ्टवेअरला दाखवायचा आणि हात हलका ठेवायचा, जास्त ओढलं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटायला लागतो.